लॅब्रडॉरला फक्त ‘शी-शू’पुरतं खाली नेऊ नका

फ्लॅटमधला लॅब्रडॉर चपला कुरतडतो, सोफा उकरतो, तेव्हा त्याच्यावर ओरडण्याआधी आज तो किती चालला ते आठवून बघा. मासेमारांना आणि शिकाऱ्यांना मदत करणारी ही जात. दहा मिनिटांच्या फेरीत तिचं भागत नाही. तरुण, निरोगी लॅबला दिवसाला साधारण दीड तास हालचाल हवीच, सकाळ-संध्याकाळ विभागून.

एप्रिल-मेमध्ये सकाळी ७च्या आत फिरवून आणा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. संध्याकाळी निघण्याआधी तळहाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर ७ सेकंद टेकवा. चटका बसला तर त्याचे पंजेही भाजतील, थोडं थांबा.

आणि पट्टा ओढत घाई करू नका हो! प्रत्येक खांब, प्रत्येक झुडूप त्याला मनसोक्त हुंगू द्या. आपल्याला तो वेळकाढूपणा वाटतो, पण त्याच्या डोक्याला खरं काम तिथेच मिळतं आणि घरी आल्यावर तो शांत झोपतो. मुसळधार पावसात बाहेर पडता येत नसेल, तर जुन्या टॉवेलच्या घड्यांत त्याच्या जेवणातलेच दाणे लपवा आणि शोधायला लावा.

वर्षाच्या आतल्या पिल्लाला मात्र स्कूटरमागे पळवू नका, उंचावरून उड्या मारायला लावू नका. त्याची हाडं अजून वाढत असतात. पोटभर जेवणानंतर तासभर तरी धावपळ नको.