बकऱ्यांच्या खुरी रोगावर माझा उपाय

वैनगंगेच्या काठाला शेत आमचं, पूर आला की चारी बाजूनं पाणी अन् कोठ्यात नुसता चिखल. बकऱ्या लंगडायला लागल्या, एक गाभण तर गुडघ्यावर बसून चरे, पाहवत नव्हतं. खुराच्या बेचक्यात पांढरट चिकट घाण अन् वास असा का बाप्पा! वाढलेलं खूर कापून साफ केलं, मग टबात 10 लिटर पाणी, 500 ग्रॅम मोरचूद (निळं कॉपर सल्फेट), त्यात पाय बुडवून ठेवले, ते पाणी मात्र जनावराला पिऊ देऊ नका, विष आहे. पण खरा फरक बांबूच्या मचाणीनं पडला, पट्ट्यांत बोटभर फट ठेवली, लेंडी-मूत खाली पडते अन् खुरं कोरडी राहतात. सूज जास्त असेल तर सरळ डॉक्टरला दाखवा, इंजेक्शन लागते.