एकेआयमध्ये, म्हणजे किडनी अचानक बिघडते तेव्हा, डायलिसिस कधी लावायचं? पहिल्यांदा रात्रपाळी करणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याकडून घोणस चावलेले पेशंट येतात. निफाड-दिंडोरीकडून जुलाब-उलट्यांनी सुकलेले, त्यावर अंगदुखीच्या गोळ्या खाल्लेले येतात. नाशिकच्या आयसीयूत एकेआय तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटेल.

फुफ्फुसांत पाणी भरलंय आणि लॅसिक्सने (लघवी वाढवणाऱ्या औषधाने) हलत नाही, औषधं देऊनही पोटॅशियम सहाच्या वर आहे, रक्ताचा पीएच 7.15 च्या खाली गेलाय, युरेमियाने (रक्तात साठलेल्या घाणीने) पेशंट बरळतोय किंवा पेरिकार्डियल रब (हृदयाच्या आवरणाची घासण) ऐकू येतोय, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, नेफ्रॉलॉजिस्टना उठवा. तिथे सकाळची वाट पाहिली तर माणूस जातो.

खरी पंचाईत यातलं काहीच नसतं आणि किडनी मंदावली की रक्तात साठणारं क्रिएटिनिन मात्र वाढत असतं, तेव्हा होते.

माझा पेशंट निफाडचा द्राक्षबागायतदार होता. क्रिएटिनिन 6.8, पोटॅशियम 5.1, पीएच 7.29, छाती स्वच्छ, युरिया 168. डायलिसिस लगेच लावायचं की थांबायचं, हे तपासणाऱ्या अकिकी ट्रायलमधला 112 हा आकडा मला पाठ होता; त्याच्या पुढे गेलं की थांबलेल्या गटालाही डायलिसिस लावायचे. 168 म्हणजे केव्हाच पुढे गेलं, असं धरून मी सरांना फोनवर तसंच सांगितलं आणि डायलिसिस लागलं.

तो 112 बीयूएनचा, म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनचा आहे, युरियाचा नाही. आपल्याकडच्या बहुतेक लॅब ब्लड युरिया देतात. बीयूएनला 2.14 ने गुणलं की युरिया मिळतो, म्हणजे 112 चा युरिया होतो 240. माझ्या पेशंटचा 168 म्हणजे बीयूएन जेमतेम 78. परदेशी पेपरात मिलिमोलमध्ये 40 दिसेल, तीही हीच रेषा. रिपोर्ट हातात आला की आधी एकक वाचा, मग आकडा. हे मी प्रत्येक नव्या ज्युनिअरला कागदावर गुणाकार करून दाखवते.

डायलिसिस सुरू होऊन अर्धा तास झाला आणि वरचं बीपी 80 वर आलं. तेव्हा कुठे मी खाटेच्या पायथ्याचा चार्ट उचलला. सिस्टरांनी दर तासाची लघवी लिहून ठेवली होती: 10, 25, 45, 60. किडनी परत येत होती. क्रिएटिनिन एक-दोन दिवस मागे चालतं, लघवी आधी सांगते. त्यानंतरच्या तासाला बॅगेत पुन्हा 10 मिलि.

2016 च्या अकिकीत थांबलेल्या गटातल्या जवळपास निम्म्या पेशंटना डायलिसिस लागलंच नाही. 2020 च्या स्टार्ट-एकेआयमध्ये जवळपास तीन हजार पेशंट होते. 90 दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत 44 टक्क्यांच्या आसपास, पण लवकर सुरू केलेल्यांपैकी वाचलेल्यांत 10.4 टक्के डायलिसिसवरच राहिले, दुसऱ्या गटात 6. म्हणून ‘लावून टाक, बघू नंतर’ असं फोनवर सांगणारे सीनियर मला पटत नाहीत. व्हॉट्सॲपवर फिरणारे इंडिकेशनचे तक्तेही नकोत, त्यांत एकक नसतं. पण थांबणं म्हणजे विसरणं नव्हे. अकिकी-2 मध्ये थांबणं आणखी ताणून काही मिळालं नाही, उलट नुकसानाची शंका आली. दर सहा तासांनी पोटॅशियम आणि ब्लड गॅस (पीएचसाठी) बघा, लघवी दर तासाला.

घाबरू नका. सरांना फोन करून ‘अजून थांबूया का?’ असं विचारण्यात कमीपणा नाही.

माझ्या त्या बागायतदाराला आणखी तीन डायलिसिस लागले. एकोणिसाव्या दिवशी तो चालत घरी गेला, क्रिएटिनिन 1.6.