जर्नल क्लबला मिनोसायक्लिन घेताय? मग हे वाचा

फार्माकॉलॉजीत एमडीला आलात की जर्नल क्लबचा, म्हणजे शोधनिबंध वाचून सगळ्यांपुढे मांडायचा विषय लवकरच गळ्यात पडतो. सोलापुरात शिकताना मी मिनोसायक्लिन निवडलं. मुरुमांवर देतात ती कॅप्सूल आणि विषय काय, तर स्ट्रोकच्या उपचारानंतर मेंदूत होणारा रक्तस्राव! सिनिअर हसले होते. पण हा विषय घ्याच. फक्त सुरुवात अँटिबायोटिकपासून करू नका, रक्तस्रावापासून करा.

त्यासाठी आधी मेडिसिनच्या रेसिडेंटबरोबर कॅज्युअल्टीत थांबा. अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याहून पेशंट येतो, एक हात लुळा, तोंड वाकडं. "कधीपासून?" विचारलं की उत्तर मिळतं, "सकाळी उठले तेव्हापासून." हे उत्तर कामाचं नाही. रात्री शेवटचं धडधाकट कोणी पाहिलं, तिथून घड्याळ सुरू होतं, कारण गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज (यालाच टीपीए म्हणतात) साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. नातेवाईक तेलुगू किंवा कन्नड बोलणारे असले तर हा एकच प्रश्न तीनदा फिरवून विचारावा लागतो. डोस किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम. हे पाठ असतंच. भीती कशाची, ते मात्र आकड्यांत बघा: १९९५च्या अमेरिकेतल्या एनआयएनडीएस अभ्यासात लक्षणं दिसण्याइतका मेंदूतला रक्तस्राव औषध घेतलेल्या ६.४ टक्के पेशंटना झाला, प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ मात्रा) गटात ०.६ टक्क्यांना.

आता मिनोसायक्लिन. रक्त न मिळालेल्या भागात एमएमपी-९ हे एन्झाइम वाढतं आणि रक्तवाहिनीच्या भिंतीखालचा आधारच खाऊन टाकतं, भिंतीतून पाण्याने माती वाहून जावी तसा. टीपीए त्यात भर घालतं. मिनोसायक्लिन हे एन्झाइम दाबतं. जंतू मारण्याशी याचा संबंध नाही. पटत नसेल तर दंतवैद्यांकडे बघा: हिरड्यांच्या आजारात डॉक्सिसायक्लिन २० मिलिग्रॅम देतात, तेही जंतूंसाठी नसतंच.

इथवर सगळे सांगतात. पुढे मंडळी घसरतात. उंदरांमध्ये रक्तस्राव कमी झाला म्हणून लगेच निष्कर्ष मांडतात. त्या प्रयोगांत पुष्कळदा किलोमागे ४५ मिलिग्रॅम पोटात टोचलेलं असतं. वॉर्डातल्या १०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलशी ते जुळवून दाखवा. माणसांवरचे अभ्यास वाचताना प्रत्येकाला एकच विचारा, तू नेमकं काय तपासायला निघाला होतास? २००७चा इस्रायलमधला अभ्यास १५२ पेशंटचा, रोज २०० मिलिग्रॅम तोंडावाटे, पाच दिवस. पेशंट सुधारले, पण औषध ६ ते २४ तासांदरम्यान सुरू केलेलं, म्हणजे टीपीएची वेळ टळून गेल्यावर. २०१०चा मिनोस नावाचा अभ्यास ६० पेशंटचा, शिरेतून, किलोमागे ३ ते १० मिलिग्रॅम. बऱ्याच जणांना टीपीएही दिलेलं, म्हणून आपल्या प्रश्नाच्या जवळचा. पण त्यात प्लासिबो गटच नव्हता! डोस झेपतो का, एवढंच पाहायचं होतं. 'रक्तस्राव घटला' असं या दोन्हींच्या जोरावर स्लाइडवर लिहिलंत तर सर तिथेच थांबवतील, आणि थांबवायलाच हवं.

माझ्या मते सगळ्यात मजेदार भाग दुष्परिणामांचा. मिनोसायक्लिनने चक्कर येते. स्ट्रोकच्या पेशंटला तिसऱ्या दिवशी चक्कर आली, तर ती औषधाची की मेंदूची? यावर एक स्लाइड राखून ठेवा, मेडिसिनवाले हाच प्रश्न विचारतात.