लग्नाच्या फोटोंत आत्मविश्वासाने कसं दिसावं (स्टेजवरच्या रांगेसकट)

फेशियल कधी करायचं, ब्लाउजची शेवटची फिटिंग कधी, नव्या चपला आधी घरात घालून फिरायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही. मी ठाण्यात आणि नवी मुंबईत लग्नांचे फोटो काढते. अल्बम बघायला आलेली जोडपी कुठल्या पानावर थबकतात ते मी नेहमी बघते. शालू, दागिने, सजावट यांत त्यांना काही खटकत नाही. ‘मी इथे अशी का दिसतेय?’ हा प्रश्न जवळपास दर वेळी रिसेप्शनच्या फोटोंवर येतो. म्हणून या लेखात स्टेजवरच्या रांगेबद्दल सविस्तर लिहिलं आहे. बाकीचे टप्पे सोपे आहेत, ते पटापट सांगते.

मेकअपची ट्रायल

ट्रायलनंतर नुसतं आरशात बघून ‘छान झालाय’ म्हणू नका. एक फोटो खिडकीजवळ काढा आणि एक अंधाऱ्या खोलीत फ्लॅश मारून. दोन्हींत गळा आणि हात आले पाहिजेत. चेहरा गळ्यापेक्षा वेगळा दिसत असेल तर शेड चुकली. ‘लग्न आहे, एक शेड उजळ लावू’ असं कुणी म्हणालं तर ठाम नकार द्या. सावळी, गव्हाळ कातडी कॅमेऱ्यात अतिशय सुंदर येते, तिच्यावर प्रकाश खेळतो. तिच्यावर फिकट थर चढवला की चेहरा राखाडी दिसतो, आणि मेंदी लावलेले हात दुसऱ्याच कुणाचे वाटतात. अंधारातल्या फ्लॅशमध्ये चेहऱ्यावर पांढरट झाक आली तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं सनस्क्रीन, नाहीतर सिलिकाची बारीक पावडर, यांपैकी काहीतरी कारण असतं. ट्रायललाच बदलून घ्या.

आपल्याकडे डिसेंबरातही दमट असतं. घाम टिश्यूने टिपायचा, पुसायचा नाही आणि वर पावडरचे थर चढवायचे नाहीत.

नाक टोचलेलं नसेल तर चापाची नथ आदल्या दिवशी तासभर घालून बघा. मोकळं हसल्यावर ती वरच्या ओठावर आडवी येत असेल तर सोनाराकडून चाप सरळ करून घ्या. नथीला जपत हसणारी नवरी लगेच ओळखू येते.

रोज चष्मा लावत असाल तर लग्नातही लावा. फक्त काचांना अँटी-ग्लेअर कोटिंग हवं, आणि उन्हात काळ्या होणाऱ्या काचा नकोत.

प्री-वेडिंग

ठाण्यातल्या उपवन तळ्यावर जाणार असाल तर कॅलेंडरमधल्या सूर्यास्तावर विसंबू नका. पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत, सूर्य त्यांच्याआड लवकर जातो आणि तळ्याकाठचा सोनेरी उजेड त्याआधीच संपतो. सूर्यास्ताच्या निदान दीड तास आधी पोचा. ठाण्यातल्याच तलावपाळीला सकाळी लवकर जा, गर्दी आणि हॉर्न सुरू व्हायच्या आत. नेरुळ, सीवूड्सकडे खाडीच्या बाजूला वारा असतो, मोकळे केस चेहऱ्यावर येतात, तिकडे वेणी किंवा अंबाडा बरा.

हळद

गच्चीवर भर दुपारी नको. ऊन डोक्यावर असलं की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, उघड्या बाजूकडे तोंड करून पाट मांडा. उजेड मऊ आणि समोरून येतो. गाड्या आदल्या रात्रीच हलवायला सांगा.

मुहूर्त

इथे तुम्हाला फार काही करायचं नाही, कारण मन आपोआप तिथेच असतं. मुंडावळ्यांचे सर भुवयांच्या बाहेरून सुटतील असे बांधून घ्या. अक्षता पडताना डोळे मिटतील, मिटू द्या. अंतरपाट दूर झाल्यावर मात्र हार घालायची घाई करू नका. हार छातीशी धरून दोन श्वास एकमेकांकडे बघा. कॅमेरा शोधू नका, तो तुम्हाला शोधेल. होमाचा धूर डोळ्यांत जात असेल तर जवळचा भिंतीवरचा पंखा दुसरीकडे वळवायला सांगा. पाणी आलं तर सुती रुमालाच्या टोकाने खालच्या पापणीशी टिपा, चोळू नका.

स्टेजवरची रांग

या टप्प्याशी मी सगळ्यात जास्त झगडले आहे. हिशोब करून बघा. पाहुण्यांचे दोनशे गट आणि प्रत्येकाला अर्धा मिनिट धरलं तरी शंभर मिनिटं होतात. शंभर मिनिटं हसरा चेहरा धरून ठेवणं कुणालाच जमत नाही, अनुभवी नटालाही नाही. आणि लोक नेमका तोच सल्ला देतात, ‘स्टेजवर सतत हसत राहा.’ माझ्या मते लग्नाच्या फोटोंबद्दलचा हा सगळ्यात वाईट सल्ला आहे. सतत हसलात तर विसाव्या मिनिटाला गाल थरथरू लागतात, तिसाव्याला ओठ ताणलेले आणि डोळे रिकामे. नंतरच्या सगळ्या पाहुण्यांच्या वाट्याला तोच चेहरा येतो.

यामागे शरीराचं कारण आहे. गिय्योम द्युशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपण मनात आणलं की हलतो. डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र, त्याच्या मते, खऱ्या आनंदाने हलतो, आणि हुकमाने तो तसा हलवणं अनेकांना जड जातं. ‘स्माईल प्लीज’ म्हटल्यावर नुसते ओठ हसतात ते यामुळे. ‘चीज’ म्हणण्याने तर ओठ आडवे ताणले जातात, बाकी काही होत नाही. तेव्हा हसू धरून ठेवू नका, दर वेळी नवं येऊ द्या.

त्याची रीत अशी. एक गट उतरला आणि दुसरा चढतोय, या मधल्या वेळात चेहरा पूर्ण सोडून द्या. जबडा सैल, दात एकमेकांना टेकलेले नकोत, हसू बंद. लाजू नका, या तीन-चार सेकंदांत तुम्ही गंभीर दिसलात तर कुणाचंही काही बिघडत नाही. एक श्वास पूर्ण बाहेर सोडा. मग येणाऱ्या माणसाकडे बघा. कॅमेऱ्याकडे नाही, माणसाकडे. त्याला हाक मारा: ‘मावशी, कधी निघालात पनवेलहून?’ ‘काका, गुडघा कसा आहे?’ त्या बोलण्यातून जे हसू उमटेल ते मावळायच्या आत मान कॅमेऱ्याकडे वळवा. झालं. डोळे जिवंत असतात, कारण ते खरंच कुणालातरी भेटून आलेले असतात. आधी माणूस, मग कॅमेरा हा क्रम शंभर मिनिटं टिकतो, कारण दोन हसण्यांमध्ये विश्रांती मिळते.

यासाठी दोन माणसं आधी तयार ठेवा. पहिली, दोन्हीकडच्या नातेवाइकांना ओळखणारी आत्या किंवा चुलतभाऊ. तुमच्या मागे उभं राहून हळूच नाव सांगायचं: ‘हे बाबांच्या ऑफिसमधले.’ समोर कोण आहे हे माहीत नसताना चेहऱ्यावर जो गोंधळ येतो तो फोटोत स्पष्ट उतरतो, आणि सासरकडच्या निम्म्या मंडळींना तुम्ही पहिल्यांदाच बघत असता. दुसरी, करवली. आहेराचं पाकीट, पुष्पगुच्छ हातात आला की तो त्याच क्षणी तिच्याकडे गेला पाहिजे. छातीशी तीन गुच्छ आणि पाकिटं कवटाळून काढलेल्या फोटोत ना दागिने दिसतात ना हात कुठे ठेवावेत ते कळतं.

आता उभं राहणं. स्टेज जमिनीपासून दोन-तीन फूट उंच असतो आणि फोटोग्राफर खाली उभा असतो. म्हणजे कॅमेरा खालून वर बघतो. त्यात सडपातळ माणसालाही दुहेरी हनुवटी येते आणि नाकपुड्या दिसतात. बुकिंगच्या वेळीच फोटोग्राफरला बजावा की स्टेजसमोर त्याच्यासाठी भक्कम चौथरा हवा, लेन्स तुमच्या छातीच्या वर आली पाहिजे. हॉलवाल्याकडून तो मिळवणं अवघड नसतं, फक्त कुणीतरी आधी मागायला हवा. लग्नाच्या खर्चात याच्याइतकी स्वस्त आणि इतका फरक पाडणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

तुमच्या बाजूने, ‘हनुवटी वर कर’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. कपाळ किंचित पुढे आणा, हनुवटी जराशी खाली. आरशात ते विचित्र वाटतं, फोटोत जबड्याची रेघ स्वच्छ येते. नवरदेवांनी तर हे पाठच करावं, कारण जड फेट्याने डोकं मागे जातं आणि हनुवटी गळ्यात बुडते. फेटा घट्ट बांधलेला असेल तर लगेच सैल करून घ्या, डोकं ठणकत असताना कुणालाही आत्मविश्वासाने उभं राहता येत नाही.

‘पोट आत घे’ हा असाच एक घातक सल्ला. पोट ओढलं की श्वास अडतो, खांदे वर येतात, गळ्याच्या शिरा ताणतात आणि ठुशी, तन्मणी सगळं वर चढतं. त्यापेक्षा दोघांनी कॅमेऱ्याला सरळ छाती न दाखवता थोडं एकमेकांकडे वळून उभं राहा. नवरीचा एक खांदा नवऱ्याच्या खांद्याच्या किंचित मागे, वजन मागच्या पायावर. पाठीचा कणा लांब, खांदे खाली. शरीर असं सैल आणि ताठ उभं असलं की चेहऱ्यावरची भीती आपोआप कमी होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. उंच टाचा पहिल्या अर्ध्या तासानंतर बदला, पैठणीखाली कोल्हापुरी दिसत नाही. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं बसा, स्ट्रॉने पाणी प्या. बसताना त्या खोल सोफ्यात रेलू नका, पुढच्या काठावर बसा. रेललात की अंग आक्रसतं आणि गुडघे चेहऱ्यापेक्षा मोठे दिसतात.

दिव्यांचंही आधी बोला. जांभळे-निळे एलईडी मागच्या पडद्यावर टाकायला सांगा, तुमच्या तोंडावर नकोत. कातडीवर पडलेला निळा रंग नंतर कॉम्प्युटरवर पूर्ण निघत नाही. दुपारी बहिणीला नवरीच्या जागी उभं करून मोबाइलवर एक फोटो काढा. तिच्या डोळ्यांखाली काळी सावली दिसली तर दिवा थेट डोक्यावर आहे, सोफा एक पाऊल मागे सरकवा. व्हिडिओवाल्याचा दिवा सरळ डोळ्यांत येत असेल तर तो बाजूला आणि थोडा वर धरायला सांगा. संकोच करू नका. मिचमिचे डोळे घेऊन दोन तास उभं राहायचं ते तुम्हालाच.

आणि एक विनंती आईवडिलांना. रांग ताटकळली तरी ‘चला, चला, पटापट’ असं नवरा-नवरीच्या कानाशी म्हणू नका. घाई त्यांच्या चेहऱ्यावर तुमच्याआधी पोचते. गर्दी फार असेल तर एकट्या पाहुण्यांना एकत्र करून पाच-सहा जणांचे गट चढवा, वेळ तिथे वाचतो.

घरच्यांचे मोठे फोटो

रांग सुरू होण्याआधी काढा, नंतर निम्मे लोक जेवायला गेलेले असतात. वाइड लेन्समध्ये टोकाची माणसं ताणली जाऊन रुंद दिसतात, म्हणून टोकाला सडपातळ मुलं उभी करा आणि आजी-आजोबांना मध्ये खुर्च्या द्या. सगळ्यांनी डोळे मिटायचे, फोटोग्राफरने तीन म्हटल्यावर उघडायचे. मिटलेल्या पापण्यांचा प्रश्न बराचसा सुटतो.

फोटो निवडताना

एकटीने किंवा एकट्याने निवडू नका. आपण स्वतःला आयुष्यभर आरशात, म्हणजे उलटं, बघत आलेलो असतो. कुठलाही चेहरा दोन्ही बाजूंनी अगदी सारखा नसतो, त्यामुळे फोटोतला आपलाच चेहरा आपल्याला तिरका वाटतो. १९७७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुणींना स्वतःचे दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा उलटा. बहुतेकींना स्वतःचा उलटा फोटो आवडला, त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ. म्हणून तुम्ही नाकारलेला फोटो आई किंवा मैत्रीण ‘हाच ठेव’ म्हणत असेल तर तिचं ऐका. आरशासमोर हसण्याचा सराव करायला मी सांगत नाही तेही याचमुळे. तिथे जो चेहरा बसवाल तो लोकांनी कधी पाहिलेलाच नसतो.

एडिटिंग सुरू होण्याआधी फोटोग्राफरकडून एकच फोटो पूर्ण करून मागवा आणि मोबाइलवर मोठा करून बघा. त्या दिवशी आलेली पुटकुळी काढायला हरकत नाही. तीळ, खळी, कपाळावरची लहानपणची खूण आणि हसताना डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या रेघा ठेवायच्या, हे त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून कळवा.