मोर्चात तिरंगा नेताना: काठीपासून घडीपर्यंत

मोर्चाची तयारी करताना बॅनर, माईक, पाण्याचे जार, निवेदनाच्या प्रती, सगळ्याची यादी होते. तिरंगा मात्र आदल्या रात्री कुणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊन येतो. मग केशरी पट्टा खाली गेलेला एक फोटो फिरतो, आणि पीकविम्याची किंवा पाण्याची मागणी राहते बाजूला. चर्चा होते ती झेंड्याची. हे टाळायला फार काही लागत नाही, पण झेंड्याची जबाबदारी एका माणसावर नाव घेऊन टाकावी लागते.

आधी हक्काचं बोलू. 23 जानेवारी 2004 रोजी उद्योगपती नवीन जिंदल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सन्मानाने राष्ट्रध्वज फडकवणं हा घटनेच्या कलम 19(1)(क) खालचा अभिव्यक्तीचा मूलभूत अधिकार आहे. शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क लगेच पुढच्या उपकलमात आहे. राष्ट्रध्वज, संविधान आणि राष्ट्रगीताच्या अवमानाबद्दलचा 1971 चा कायदाही सरकारच्या धोरणावर कायदेशीर मार्गाने केलेली टीका हा अवमान नव्हे, असं आपल्या स्पष्टीकरणात म्हणतो. तेव्हा ‘आंदोलनात तिरंगा कशाला?’ असं कुणी विचारलं तर गांगरू नका. 1923 साली नागपुरात झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायला बंदी होती, ती मोडण्यासाठीच झेंडा सत्याग्रह झाला. (तेव्हा त्या झेंड्यावर चरखा होता, अशोकचक्राचा ध्वज संविधान सभेने 22 जुलै 1947 ला स्वीकारला.) नंदुरबारचा शिरीषकुमार 9 सप्टेंबर 1942 ला मिरवणुकीतच, हातात तिरंगा असताना गोळी लागून गेला.

आता खरेदी. हातात धरून चालायला 900 × 600 मिलिमीटर हे माप सगळ्यात सोयीचं. दुकानातच टेप लावा. लांबी-रुंदीचं प्रमाण 3:2 हवं, तिन्ही पट्टे 200-200 मिलिमीटरचे, चक्राचा व्यास 185. चक्र निळं, दोन्ही बाजूंनी दिसणारं, गोल आणि 24 आऱ्यांचं हवं. स्वस्त मालात चक्र अंड्यासारखं लांबट निघतं आणि आरे मोजले तर कमी भरतात. ध्वजसंहितेत (म्हणजे राष्ट्रध्वज वापरण्याच्या सरकारी नियमांत) 30 डिसेंबर 2021 ला झालेल्या दुरुस्तीपासून यंत्रावर विणलेला आणि पॉलिस्टरचा ध्वजही चालतो, त्यामुळे खादीच हवी असा आग्रह नाही. पावसाळ्यात तर पॉलिस्टरच बरं. भिजलेली खादी जड होते, बारीक काठी वाकते आणि टोक जमिनीला टेकतं. प्लॅस्टिकचे झेंडे घेऊच नका.

झेंडा उलटा का लागतो, हे समजून घ्या. काठी घालायचा नेफा बहुतेक वेळा दोन्ही टोकांना उघडा असतो. गडबडीत काठी केशरी बाजूने आत जाते. गुंडाळलेल्या कापडात चक्र कसंही धरलं तरी सारखंच दिसतं, म्हणून फडकेपर्यंत चूक कळत नाही. उपाय एका टाक्याचा आहे. केशरीकडचं नेफ्याचं तोंड आदल्या दिवशी शिवून टाका. मग काठी हिरव्या बाजूनेच आत जाते, आणि झेंडा चालता चालता काठीवरून खाली घसरत येतो तेही थांबतं. हिरव्याकडची कड काठीला बारीक छिद्र पाडून दोऱ्याने बांधा.

काठी हा यातला सगळ्यात दुर्लक्षित विषय. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37(1) खाली मनाई आदेश निघतो तेव्हा शस्त्रांच्या यादीत काठ्या, लाठ्याही असतात. जिल्ह्या-जिल्ह्यांत सणावाराला, निवडणुकीला हे आदेश निघत असतात. म्हणून आदेश मागून घेऊन नीट वाचा. परवानगीच्या अर्जात तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या आणि ध्वनिक्षेपक यांच्यासोबत ‘राष्ट्रध्वजाच्या काठ्या: 4 नग, प्रत्येकी 7 फूट, हलका बांबू’ अशी सरळ ओळ लिहा. अर्जावर पोलीस ठाण्याची पोहोच घ्या आणि तिची प्रत झेंडेकऱ्याच्या खिशात असू द्या. जाड दांडका नको. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा पाइप तर अजिबात नको, कारण गावातल्या विजेच्या तारा किती खाली लोंबतात हे सांगायला नको. कलम 37 च्याच उपकलम (3) खालची जमावबंदी किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 चा (जुनं 144) आदेश लागू असेल तर आधी परवानगीचं बघा, झेंड्याचं नंतर.

किती झेंडे? आमच्या मते शंभर कागदी झेंड्यांपेक्षा चार नीट धरलेले बरे. कागदी झेंडे शेवटी रस्त्यावर पडतात, आणि ते तसे टाकणं ध्वजसंहितेला मान्य नाही.

मोर्चात जागा ठरलेली आहे. लाल, निळा, भगवा किंवा संघटनेचा दुसरा झेंडा शेजारी असेल, तर तिरंगा चालणाऱ्यांच्या उजव्या हाताला. झेंड्यांची रांगच असेल तर तिरंगा रांगेच्या मध्यासमोर, पुढे. दुसरा कुठलाही झेंडा त्याच्याहून उंच नको. तिरंग्याची काठी 7 फूट ठेवली तर बाकीच्यांना 6 फुटांच्या द्या, म्हणजे वाद मिटला. एका काठीवर दोन झेंडे कधीच नाहीत. नेत्याला सलामी म्हणून तिरंगा झुकवायचा नाही. ध्वजावर घोषणा, संघटनेचं नाव, सही, काहीही लिहायचं नाही; घोषणेसाठी वेगळा फलक करा. निषेध म्हणून उलटा धरणं किंवा अर्ध्यावर उतरवणं हेही 1971 च्या अवमानाच्या कायद्यात बसतं, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. निषेधच दाखवायचा तर काळी फीत आहे, काळा झेंडा आहे.

बाईक रॅलीत मोह होतो, पण मोटारीवर राष्ट्रध्वज लावण्याचा मान राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री अशा ठरावीक पदांनाच आहे. टेम्पोच्या टपावर किंवा बॉनेटवर तो पसरणं हा तर अवमानाच्या व्याख्येतच येतो. माईकच्या गाडीला फुलं बांधा, तिरंगा पायी चालणाऱ्याकडे ठेवा.

धरणं किंवा उपोषणाच्या मंडपात काठीवरचा ध्वज वक्त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे समोर बसलेल्यांच्या डावीकडे. भिंतीवर आडवा लावला तर केशरी वर, आणि वक्त्याच्या मागे, डोक्याच्या वर. उभा लावला तर केशरी बघणाऱ्याच्या डावीकडे. टेबलावर अंथरायचा नाही, त्याच्या पताका करायच्या नाहीत, ध्वजदंडाच्या टोकावर हार घालायचा नाही. उपोषण रात्रभर चालणार असेल तर जुलै 2022 च्या दुरुस्तीनंतर नागरिकांना ध्वज रात्रीही ठेवता येतो, पण वाऱ्यात कडा उसवल्या की लगेच बदला. फाटका ध्वज लावणं चालत नाही.

ढकलाढकली सुरू झाली तर झेंडेकऱ्याने एकच काम करायचं: काठी उभी धरून कडेला निघायचं. तिरंगा ढालीसारखा पुढे करायचा नाही. शिवाय प्रत्येक झेंड्यामागे एक बदली माणूस ठेवा, पहिला दमला तर काठी खांद्यावर आडवी येते आणि मागच्याच्या डोळ्यात जाते. धक्क्याने झेंडा खाली पडलाच तर घाबरू नका. कायदा ‘हेतुपुरस्सर’ जमिनीला लावण्याबद्दल बोलतो. उचला, झटका, पुढे चला.

शेवटी राष्ट्रगीत म्हणणार असाल तर मोर्चा पूर्ण थांबू द्या. 52 सेकंदांचा प्रश्न आहे. चालत चालत म्हटलं की पुढचे संपवतात तेव्हा मागचे मध्यावर असतात.

पांगताना झेंडे मोजून परत घ्या. घडी घालताना केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडा, मग दोन्ही बाजू मध्याकडे अशा आणा की चक्र आणि थोडा केशरी-हिरवा भाग तेवढा वर दिसेल. ओला असेल तर आधी सावलीत वाळवा, नाहीतर केशरी पांढऱ्यात उतरतो आणि तो झेंडा पुढच्या वेळी कामाचा राहत नाही. फाटलेला, रंग उतरलेला ध्वज तुकडे न करता, अख्खा, खाजगीत जाळून नष्ट करावा असं संहिता सांगते. हे घराच्या अंगणात दोघांत उरका, कॅमेऱ्यासमोर नको.