निकाल लागला, आता कागद आवरायचे

माझ्या घटस्फोटाचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी साडेदहाला पतसंस्थेत काउंटरवर बसले होते. सांगलीत अठरा वर्षं ठेवी आणि कर्जाची कामं बघते, कागदांची मला भीती नाही असं वाटायचं. तरी निकालाची नक्कल दोन महिने साड्यांच्या घडीखाली पडून होती. हात लावायचा धीरच होत नव्हता. नंतर एकेक काम करत गेले. ते कोणत्या क्रमाने करायला हवं होतं, हे सगळं झाल्यावर कळलं. तुमच्यासाठी तो क्रम लिहिते.

आधी कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रती काढा. एक नको, चार काढा. संमतीने घटस्फोट झाला असेल तर नुसती डिक्री, म्हणजे कोर्टाचा अंतिम हुकूम, पुरत नाही. घर कुणाचं, मूल कुणाकडे, पैसे किती, हे सगळं संमतीच्या अटींत लिहिलेलं असतं, म्हणून त्यांचीही प्रत सोबत घ्या. आणि तिथेच उभं राहून आधार कार्ड शेजारी धरा, नावाचं अक्षर न् अक्षर ताडून बघा. माझ्या निकालात वडिलांच्या नावातलं एक अक्षर गळलं होतं. अशी लिहिण्यातली चूक त्याच कोर्टात अर्ज देऊन दुरुस्त होते, पण माझं ते लक्षात आलं थेट आधार केंद्रावर. हेलपाटे झाले.

आता कर्ज. इथे जरा थांबून वाचा, कारण बायका सगळ्यात जास्त इथेच फसतात. कोर्टाने लिहिलं, हप्ते नवरा भरेल. ते तुम्हा दोघांमधलं झालं. बँकेच्या करारावर तुमची सहकर्जदार म्हणून सही आहे, आणि बँक त्या सहीलाच ओळखते. आमच्या फ्लॅटचे दोन हप्ते थकले तेव्हा फोन मला आला. माझा सिबिल स्कोअरही, म्हणजे कर्ज वेळेवर फेडण्याचे गुण, घसरला. ज्या घरात मी आता राहतही नव्हते, त्या घरासाठी! म्हणून बँकेला लेखी अर्ज द्या, सहकर्जदार म्हणून माझं नाव कमी करा. समोरच्याच्या एकट्याच्या पगारात हप्ता बसतो का, हे बँक तपासते. बसत नसेल तर दुसरा सहकर्जदार आणणं किंवा घर विकून कर्ज फेडणं हेच मार्ग उरतात. घरावरचा हक्क सोडायचा ठरला असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. पण त्यावर सही करण्याआधी कर्जातून सुटल्याचं बँकेचं पत्र हातात घ्या. घर गेलं आणि हप्ता गळ्यात राहिला, असं होऊ देऊ नका. ज्यांच्या अटी अजून लिहून व्हायच्या आहेत त्यांनी वकिलांना सांगून हा क्रम अटींतच घालून घ्यावा.

दुसरं, नॉमिनी. एका रविवारी दुपारी पॉलिसी काढून बसले. २००९ सालचा एलआयसीचा बाँड, सोबत तेव्हाच्या फॉर्मची झेरॉक्स. नॉमिनीच्या रकान्यात त्याचं नाव आणि पुढे 'नाते: पती', माझ्याच वळणदार अक्षरात. किती वेळ बघत बसले होते कोण जाणे. घटस्फोटाने हे नाव आपोआप पुसलं जात नाही. विमा, पीएफ, बँक, म्युच्युअल फंड, सोसायटी, प्रत्येक ठिकाणी वेगळा फॉर्म भरावा लागतो. बँकेच्या ठेवीला १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी देता येतात. मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेल तर त्याच्या वतीने पैसे कोण स्वीकारेल तेही नाव द्यावं लागतं. मी भावाचं दिलं. जुनं मृत्युपत्र केलेलं असेल तर तेही घटस्फोटाने रद्द होत नाही, नवं करा. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही.

नवऱ्याच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तुमचं नाव असेल तर ते संरक्षण जातं. स्वतःचा आरोग्य विमा घ्यायला दिरंगाई करू नका, आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. दोघांची एकत्र पॉलिसी होती का? मग त्याच कंपनीत वेगळी करून मागा, म्हणजे आधी काढलेली वर्षं धरली जातात.

नाव बदलायची सक्ती कुणी करू शकत नाही. मला माहेरचं हवं होतं. आधी आधार, मग पॅन, मग बँक, मग पासपोर्ट. गंमत म्हणजे पॅनवर लग्नानंतरही वडिलांचंच नाव होतं, तिथे नवऱ्याचं छापतच नाहीत. लेकीच्या नावाला मात्र मी हात लावला नाही. ती सातवीत आहे, मोठी झाली की तिचं ती ठरवेल.

रेशनकार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला घेतल्याशिवाय नवं कार्ड मिळत नाही. गॅसचं काम एजन्सीत होतं. स्त्रीधन अजून सासरी असेल तर यादी करा, शक्य तिथे पावत्या आणि लग्नातले फोटो जोडा, आणि वस्तू मिळाल्यावर दोघांच्या सह्या घ्या. ते कायद्याने तुमचंच आहे, मागायला लाजू नका.

पोटगी किंवा मुलीचा खर्च खात्यातच घ्या, रोख नको, नोंद राहते. आणि "बाबांना सांग पैसे टाकायला" हे मुलीच्या तोंडून कधीही पाठवू नका. मी एकदा पाठवलं होतं. त्या रविवारी ती परत आली ती जेवलीच नाही.

पहिल्या वर्षी संक्रांतीला मला एकाही घरून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. यंदा मीच केलं. अकरा जणी आल्या, त्यात दोघी विधवा. वाण म्हणून बटणाच्या प्लास्टिक फायली दिल्या, प्रत्येकीत एक कागद घालून: कुठलं खातं, कुठली पॉलिसी, नॉमिनी कोण. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू फाईल घेऊन दारात. वय सत्तरच्या पुढे. म्हणाल्या, "यांच्या पासबुकावर माझं नाव आहे का, तेवढं बघून देतेस?"