गाण्यावर लिहिताना ‘सुंदर’ आधी खोडा

गाण्यावर लिहायला बसलात की पहिल्या मसुद्यातले ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘मंत्रमुग्ध’ हे शब्द खोडून टाका. तुम्हाला काय वाटलं ते त्यांतून कळतं. कानावर काय पडलं ते कळत नाही. आवाजासाठी मराठीत केवढा साठा आहे! खणखणीत, घोगरा, किनरा, भरदार, पिचका, ठसकेबाज. यातला एकच घ्या, पण नेमका. ‘गोड आवाज’ वाचून काहीच ऐकू येत नाही; ‘वरच्या पट्टीतही न चिरकणारा’ म्हटलं की येतो.

वाद्यांचंही तसंच. भजनातल्या पखवाजाच्या डाव्या पुडीला भिजवलेली कणीक लावतात, म्हणून त्याचा नाद खोल आणि घुमणारा. लावणीतली ढोलकी मात्र कडाडते, आणि तुणतुणं एकाच स्वरावर टुणटुणत राहतं. या साऱ्यांना ‘छान साथ’ म्हणून उरकलंत, तर देऊळ कुठलं आणि फड कुठला हेच कळणार नाही.

मला स्वतःला सगळ्यात कामाला येतात ती क्रियापदं. सूर लागतो, चढतो, रेंगाळतो. तान सुटते आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन पडते. एका वाक्यात तीन विशेषणं झाली असतील, तर दोन काढा आणि असं एखादं क्रियापद घाला.

अडलात, तर गाण्याचा ३० सेकंदांचा तुकडा पुन्हा लावा, डोळे मिटून. गायिका श्वास कुठे घेते ते टिपा आणि पहिलं वाक्य तिथूनच सुरू करा.